संगणकातील उपकरणांना इंटरप्ट कसे नेमून दिले जातात: लिनक्सवर एका आयआरक्यू क्रमांकाचा मुळापासून शोध

लिनक्स चालणाऱ्या एखाद्या डेस्कटॉपवर यूएसबी माउस अचानक अडखळू लागतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी उघडून पाहिल्या, तर ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ अशी एक ओळ, तिच्याखाली फंक्शनच्या नावांची लांबलचक यादी आणि शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’ असे वाक्य दिसते. उपकरण ‘माझ्याकडे लक्ष द्या’ म्हणून प्रोसेसरला जी सूचना देते, ती इंटरप्ट; आयआरक्यू हा त्या सूचनेचा क्रमांक; आणि ‘नोबडी केअर्ड’ म्हणजे ती सूचना कोणीच आपली म्हटली नाही. यावर सहसा मिळणारा सल्ला एकच असतो: बूट करताना कर्नलला अमुक पर्याय द्या, त्याने भागले नाही तर तमुक द्या. अशाने कधी कधी माउस चालू लागतो. परंतु १६ हा क्रमांक कोणी दिला, त्यावर आणखी कोणती उपकरणे बसलेली होती आणि त्यांतील कोण ओरडत होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि पुढच्या कर्नल अपडेटनंतर तोच त्रास पुन्हा दारात उभा राहतो.

पडद्यावर दिसणारा आयआरक्यू क्रमांक हा उपकरणाच्या अंगावर कोरलेला क्रमांक नसतो. मदरबोर्डवरची तार, इंटरप्ट कंट्रोलरची (सूचना गोळा करून प्रोसेसरकडे नेणाऱ्या चिपची) खुंटी, फर्मवेअरचा (मदरबोर्डवरच्या बायोससारख्या सॉफ्टवेअरचा) तक्ता, कर्नलचा हिशेब आणि प्रोसेसरचा व्हेक्टर (प्रोसेसरच्या स्वतःच्या तक्त्यातील नोंदीचा क्रमांक) अशा अनेक टप्प्यांवर क्रमांकांचे रूपांतर होत गेल्यावर तो आपल्यासमोर येतो. दोष शोधायचा असेल, तर हे टप्पे एकेक करून मागे चालत जावे लागते. पुढील विवेचन इंटेल व एएमडी प्रोसेसरच्या संगणकांवरील लिनक्सला धरून आहे. विंडोज आणि एआरएम यांच्याविषयी आवश्यक तेवढेच शेवटच्या पायरीआधी आले आहे. आदेश आणि फाइलींचे मार्ग येथे देवनागरीत लिहिले असले, तरी टर्मिनलमध्ये ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकावेत.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्या खुणा अजून जिवंत आहेत

१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत इंटेलची ८२५९ए ही एकच इंटरप्ट कंट्रोलर चिप होती आणि तिला ८ तारा जोडता येत असत. १९८४ च्या पीसी एटीमध्ये तशीच दुसरी चिप आली. पण ती पहिल्या चिपच्या २ क्रमांकाच्या खुंटीला जोडल्यामुळे १६ पैकी १५ क्रमांकच उपकरणांच्या वाट्याला उरले. त्यांची वाटणीही ठरून गेली होती: ० वर टायमर, १ वर कीबोर्ड, ३ आणि ४ वर सीरियल पोर्ट, ६ वर फ्लॉपी, ८ वर घड्याळ, १२ वर पीएस/२ माउस, १३ वर गणिती सहप्रोसेसर, १४ आणि १५ वर हार्ड डिस्कच्या दोन वाहिन्या.

त्या काळी उपकरणांना इंटरप्ट नेमून देण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम करीतच नसे, ते माणूस करीत असे. साउंड कार्ड बसवताना त्यावरचा जंपर ५ वर किंवा ७ वर लावायचा आणि तोच आकडा सॉफ्टवेअरला सांगायचा, अशी पद्धत होती. आयएसए या त्या काळच्या बसवर (कार्डे जोडण्याच्या सामायिक मार्गावर) इंटरप्टची सूचना तारेवरील विजेच्या दाबाच्या बदलत्या कडेवरून ओळखली जात असल्याने एका तारेवर दोन कार्डे सुखाने नांदू शकत नसत. एकाची सूचना दुसऱ्याच्या सूचनेत बुडून जाई आणि संगणक गोठून बसे. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय बसने ही पद्धत बदलली. तेथे तार जोपर्यंत खालच्या पातळीवर खेचलेली आहे, तोपर्यंत सूचना जिवंत मानली जाते. त्यामुळे कितीही उपकरणांनी मिळून तार खेचली, तरी प्रत्येकाचे काम होईपर्यंत ती सुटत नाही. सामायिक आयआरक्यूचा जन्म येथे झाला. ज्या दोषापासून आपण सुरुवात केली, त्याचे मूळही याच सोयीत आहे.

पहिली पायरी: आजची स्थिती वाचणे

टर्मिनल उघडून ‘कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स’ हा आदेश द्यावा. प्रत्येक ओळीत डावीकडे लिनक्सचा आयआरक्यू क्रमांक, त्यापुढे प्रत्येक प्रोसेसर कोअरवर आजवर किती वेळा तो इंटरप्ट आला याची मोजदाद, नंतर कंट्रोलरचे नाव, त्या कंट्रोलरच्या दृष्टीने असलेला मूळ क्रमांक आणि अगदी उजवीकडे ड्रायव्हरचे नाव असते. एकाच ओळीत स्वल्पविरामाने तोडलेली दोन-तीन नावे दिसली, तर तो क्रमांक सामायिक आहे असे समजावे.

कंट्रोलरच्या नावाचा स्तंभ सर्वांत मोलाचा असूनही बहुतेक वाचक तो ओलांडून पुढे जातात. तेथे ‘आयओ-एपीआयसी’ (जुन्या ८२५९ए चिपांच्या जागी आलेला इंटरप्ट कंट्रोलर) असेल, तर इंटरप्ट प्रत्यक्ष खुंटीवरून येत आहे. ‘पीसीआय-एमएसआय’ असेल, तर तार कोठेच नाही, उपकरण संदेश पाठवून इंटरप्ट देत आहे. नावाआधी ‘आयआर’ ही अक्षरे असतील, तर मध्ये इंटरप्ट रीमॅपिंगचा, म्हणजे सूचना एका तक्त्यातून वळवून नेण्याचा, आणखी एक टप्पा आहे. पुढे ‘एज’ असे असेल, तर कडेवरून, आणि ‘फास्टईओआय’ असेल, तर बहुधा पातळीवरून सूचना ओळखली जात आहे.

खालच्या भागात आकड्यांऐवजी ‘एनएमआय’, ‘एलओसी’, ‘आरईएस’, ‘टीएलबी’ अशी अक्षरे असलेल्या ओळी दिसतात. त्या बाहेरच्या उपकरणांच्या नाहीत. प्रोसेसरचे स्वतःचे टायमर आणि कोअर एकमेकांना पाठवीत असलेल्या सूचना तेथे मोजल्या जातात. एलओसीचा आकडा प्रचंड असणे हा दोष नव्हे.

एकदाच घेतलेला आकडा फारसा बोलत नाही. ‘वॉच’ या आदेशाला एका सेकंदाचे अंतर आणि बदल ठळक करण्याचा पर्याय देऊन तीच फाइल पाहत राहावी, माउस हलवावा, फाइल कॉपी करावी, नेटवर्कवरून काही उतरवून घ्यावे, आणि कोणती ओळ पळते आहे हे डोळ्यांनी पाहावे. या दहा मिनिटांच्या निरीक्षणातून जे कळते, ते तासभराच्या वाचनातून कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: तारेवरच्या उपकरणाचा क्रमांक कसा ठरतो

प्रत्येक पीसीआय उपकरणाच्या कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये (उपकरणाची ओळख आणि मांडणी नोंदवण्याच्या जागेत) इंटरप्टशी संबंधित दोन छोटी रजिस्टरे, म्हणजे नोंदीचे कप्पे, असतात. पहिले ‘इंटरप्ट पिन’. उपकरण ए, बी, सी, डी या चार पिनांपैकी कोणती वापरते, ते १ ते ४ या आकड्यांनी येथे कायमचे लिहिलेले असते; ० म्हणजे पिनच नाही. दुसरे ‘इंटरप्ट लाइन’. हे रजिस्टर उपकरण स्वतः वापरत नाही. फर्मवेअरने सॉफ्टवेअरसाठी चिठ्ठी ठेवावी, तशी ती एक जागा आहे. जुन्या दोन चिपांच्या व्यवस्थेत या चिठ्ठीवर भिस्त ठेवता येत असे. आयओ-एपीआयसी चालू असताना आजचा कर्नल त्या आकड्यावर विसंबत नाही, आणि आपणही विसंबू नये.

मदरबोर्डवर सर्व उपकरणांच्या ए पिना एकाच तारेला बांधल्या, तर बहुतेक उपकरणे एकच पिन वापरत असल्याने सारा भार एका तारेवर येईल. म्हणून पिना फिरवून जोडतात. पुलामागे (दोन बस जोडणाऱ्या ब्रिजमागे) असलेल्या उपकरणासाठी हा नियम ठरलेला आहे: पिनचा क्रमांक शून्यापासून मोजून त्यात उपकरणाचा क्रमांक मिळवावा आणि चारने भागून बाकी घ्यावी. ५ क्रमांकाच्या उपकरणाची ए पिन घेतली, तर ० अधिक ५, भागिले ४, बाकी १. म्हणजे पुलाच्या वरच्या बाजूस ती बी पिन म्हणून पोहोचते. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये या तारा प्रत्यक्षात उरलेल्या नाहीत. ‘तार खेचली’ आणि ‘तार सोडली’ असे दोन संदेश पाठवून त्यांची नक्कल केली जाते. गणित मात्र तेच राहते.

मुळाशी असलेल्या बसवर पोहोचल्यावर पुढची जोडणी मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ती कर्नलला पाहून कळू शकत नाही. ती सांगण्याचे काम फर्मवेअरमधील एसीपीआय तक्ते करतात; संगणकाची रचना ऑपरेटिंग सिस्टीमला कळवण्याचे ते ठरलेले मानक आहे. ‘पीआरटी’ नावाच्या तक्त्यात ‘अमुक उपकरणाची अमुक पिन अमुक क्रमांकाला जोडलेली आहे’ अशा नोंदी असतात. येथे एक फसवी जागा आहे: पीआरटीमध्ये ए पिन ० ने दाखवतात, तर उपकरणाच्या रजिस्टरमध्ये तीच पिन १ असते. तक्ते स्वतः वाचायला बसणाऱ्या नवख्या माणसाची येथे हमखास गल्लत होते.

पीआरटीतून मिळणाऱ्या क्रमांकाला जीएसआय (ग्लोबल सिस्टीम इंटरप्ट) म्हणतात. संगणकात जेवढे आयओ-एपीआयसी आहेत, त्यांच्या सर्व खुंट्यांना ओळीने दिलेला हा सलग क्रमांक असतो. इंटेलच्या ८२०९३एए या जुन्या चिपमध्ये अशा २४ खुंट्या होत्या. म्हणूनच ० ते २३ हे आकडे आजही ओळखीचे वाटतात, आणि पीसीआय उपकरणे १६ पासून पुढे दिसतात, कारण पहिले १६ क्रमांक आयएसएच्या वारशासाठी राखलेले आहेत. लिनक्स या संगणकांवर शक्यतो जीएसआय आणि आयआरक्यू क्रमांक सारखेच ठेवते. पण ‘डीमेसेज’च्या (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या, इंग्रजीत डी-एम-ई-एस-जी असे टंकायच्या आदेशाच्या) नोंदींमध्ये ‘आयएनटी_एसआरसी_ओव्हीआर’ हा शब्द शोधून पाहावा. बहुतेक संगणकांवर बसचा आयआरक्यू ० हा जागतिक क्रमांक २ ला जोडल्याची ओळ तेथे मिळेल. जुना टायमर ० म्हणून ओळखला जातो, पण त्याची तार दुसऱ्याच खुंटीत खोचलेली आहे, हे फर्मवेअरने कर्नलला आवर्जून सांगितलेले असते. दिसणारा क्रमांक आणि खरी खुंटी यांच्यातील फरकाचा याहून सोपा पुरावा मिळणे कठीण आहे.

तिसरी पायरी: संदेशाने येणारे इंटरप्ट ओळखणे

आजच्या संगणकातील ग्राफिक्स, नेटवर्क आणि एनव्हीएमई डिस्क तारेच्या वाटेला जातच नाहीत. एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट) पद्धतीत कर्नल उपकरणाला एक पत्ता आणि एक आकडा देऊन ठेवतो. इंटरप्ट द्यायचा झाला, की उपकरण तो आकडा त्या पत्त्यावर लिहिते आणि ते लिखाण थेट ठरलेल्या कोअरच्या लोकल एपीआयसीपर्यंत (कोअरमधील इंटरप्ट स्वीकारणाऱ्या भागापर्यंत) पोहोचते. एमएसआयमध्ये एका उपकरणाला जास्तीत जास्त ३२ आणि एमएसआय-एक्समध्ये २,०४८ इंटरप्ट मिळू शकतात. कोणाशीही वाटणी करावी लागत नाही. शिवाय उपकरणाने आधी स्मृतीत लिहिलेला मजकूर इंटरप्टच्या आधी पोहोचतो. तारेच्या बाबतीत तशी हमी नसे.

पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या आदेशाला दोन वेळा ‘व्ही’ हा पर्याय देऊन, रूट वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवावे. प्रत्येक उपकरणाखाली ‘एमएसआय’ किंवा ‘एमएसआय-एक्स’ ही ओळ आणि तिच्यात ‘एनेबल’ या शब्दापुढे अधिक वा उणे चिन्ह दिसते. अधिक असेल, तर संदेशाची पद्धत चालू आहे. उणे असेल, तर उपकरणात ती सोय असूनही ड्रायव्हरने ती घेतलेली नाही. एखाद्या उपकरणाला नेमके कोणते क्रमांक मिळाले हे हवे असल्यास ‘/सिस/बस/पीसीआय/डिव्हाइसेस’मध्ये त्याच्या नावाच्या निर्देशिकेत ‘एमएसआय_आयआरक्यूज’ ही उपनिर्देशिका पाहावी. हे क्रमांक जीएसआयच्या पुढचे, अनेक संगणकांवर शंभराच्याही वरचे असतात. त्यांना कोणत्याही खुंटीचा आधार नसून कर्नलने ते जागच्या जागी निर्माण केलेले असतात. म्हणून पुढच्या बूटला ते बदलले, तर घाबरू नये, आणि कोणत्याही स्क्रिप्टमध्ये ते आकडे कायमचे लिहून ठेवू नयेत.

चौथी पायरी: व्हेक्टर आणि ड्रायव्हर

प्रोसेसरला आयआरक्यू हा शब्दच ठाऊक नसतो. त्याच्याकडे २५६ नोंदींचा एक तक्ता असतो. त्यांतील ० ते ३१ या नोंदी शून्याने भागाकार, पेज फॉल्ट अशा त्याच्या स्वतःच्या अपवादांसाठी राखलेल्या असतात आणि उरलेल्यांतून कर्नल उपकरणांना व्हेक्टर देतो. लिनक्समध्ये हा हिशेब प्रत्येक कोअरसाठी वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे एका कोअरवरचा ४० क्रमांकाचा व्हेक्टर डिस्कचा, तर दुसऱ्या कोअरवरचा तोच क्रमांक नेटवर्कचा असू शकतो. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ या कर्नलपासून ही वाटणी नव्याने लिहिली गेली, आणि उपकरणाने नुसती मागणी केल्यावर जागा अडवून न ठेवता ड्रायव्हर खरोखर इंटरप्ट चालू करील तेव्हाच व्हेक्टर देण्याची सोय झाली. शेकडो रांगा मागणारी नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवर व्हेक्टर संपण्याची तक्रार त्यामुळे बरीच कमी झाली.

कर्नल बांधताना आयआरक्यूच्या डीबगची सोय ठेवलेली असेल, तर ‘/सिस/कर्नल/डीबग/आयआरक्यू/आयआरक्यूज’ येथे प्रत्येक क्रमांकाची फाइल मिळते. तिच्यात एमएसआय, त्याखाली रीमॅपिंग आणि तळाशी व्हेक्टर अशी संपूर्ण साखळी एकाखाली एक छापलेली असते. आतापर्यंत वर्णन केलेले सर्व टप्पे एका पानावर पाहण्याची दुसरी इतकी चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

ड्रायव्हर आपले हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालायचे फंक्शन) नोंदवतो, तेव्हा ही नेमणूक पूर्ण होते. क्रमांक सामायिक असेल, तर त्यावरील प्रत्येक ड्रायव्हरने वाटणीला संमती दिलेली असावी लागते. इंटरप्ट आला, की कर्नल त्या क्रमांकावरील सर्व हँडलरांना क्रमाने विचारतो, आणि प्रत्येकाने आपल्या उपकरणाचे रजिस्टर पाहून ‘हा माझा होता’ किंवा ‘माझा नव्हता’ असे प्रामाणिकपणे सांगायचे असते. हा प्रामाणिकपणा ढळला, की सामायिक व्यवस्था कोसळते.

पाचवी पायरी: कोणत्या कोअरने काम करावे

‘/प्रॉक/आयआरक्यू’मध्ये प्रत्येक क्रमांकाची निर्देशिका असते. तिच्यातील ‘एसएमपी_अ‍ॅफिनिटी_लिस्ट’ या फाइलीत ०-३ असे लिहिले, तर पहिल्या चार कोअरपैकी कोणीही तो इंटरप्ट घेऊ शकतो. नुसते २ लिहिले, तर फक्त तिसरा, कारण मोजणी शून्यापासून होते. प्रत्यक्षात कोणता कोअर निवडला गेला, ते ‘इफेक्टिव्ह_अ‍ॅफिनिटी_लिस्ट’मध्ये दिसते. दोन अडचणी येथे नेहमी येतात. आपण लिहिलेला आकडा थोड्या वेळाने आपोआप बदलला, तर ‘आयआरक्यूबॅलन्स’ ही सेवा चालू आहे. ती थांबवावी किंवा तिला तो क्रमांक वगळण्यास सांगावे. आणि एनव्हीएमईसारख्या उपकरणाच्या रांगेसाठी लिहू गेल्यावर एरर आली, तर तो बिघाड नव्हे: ती वाटणी कर्नलने स्वतःच्या ताब्यात ठेवलेली आहे आणि ती तशीच राहू देणे हिताचे आहे.

विंडोज आणि एआरएमवर

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडून इंटरप्टची शाखा उघडावी. उणे चिन्हाचे क्रमांक दिसले, तर ती एमएसआयवरची उपकरणे आहेत. ही सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. एआरएमच्या छोट्या बोर्डांवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय ४ वर, एसीपीआयऐवजी डिव्हाइस ट्री नावाची वर्णनाची फाइल ही माहिती पुरवते. तेथील जीआयसी कंट्रोलरमध्ये पहिले ३२ क्रमांक कोअरच्या अंतर्गत कामांसाठी असतात. म्हणून डिव्हाइस ट्रीमध्ये बाहेरच्या उपकरणासाठी ६५ लिहिलेले असेल, तर कंट्रोलरच्या दृष्टीने तो ९७ असतो. चिपच्या माहितीपुस्तिकेतील आकडा ३२ वजा न करता तसाच उतरवणे ही नवा बोर्ड सुरू करताना होणारी अगदी नेहमीची चूक आहे.

सहावी पायरी: ‘नोबडी केअर्ड’चा उलगडा

आता सुरुवातीच्या दोषाकडे वळू. एका क्रमांकावर आलेल्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक वेळा सर्व हँडलरांनी ‘माझा नव्हता’ असे सांगितले, की कर्नल तो क्रमांक बंद करतो. तार खेचलेलीच राहिल्यामुळे इंटरप्ट लागोपाठ येत असतो आणि ही संख्या पाहता पाहता गाठली जाते. बंद केल्यावर कर्नल टायमरच्या आधाराने अधूनमधून त्या हँडलरांची विचारपूस करतो. माउस पूर्ण मरत नाही, अडखळत राहतो, तो यामुळे.

संशयित शोधताना ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’मधील १६ च्या ओळीवरील नावे लिहून घ्यावीत, पण तेथेच थांबू नये. ज्याला ड्रायव्हरच मिळालेला नाही, असे उपकरण त्या यादीत नसते, आणि बहुधा तेच तार धरून बसलेले असते. अशा उपकरणासमोर ‘एलएसपीसीआय’ दाखवीत असलेला आयआरक्यूही फर्मवेअरची शिळी चिठ्ठी असू शकतो, कारण कर्नल खरी जोडणी उपकरण चालू करतानाच ठरवतो. म्हणून क्रमांक न पाहता त्याच आदेशाच्या ‘स्टेटस’ ओळीतील ‘आयएनटीएक्स’ (तारेवरची सूचना) या शब्दापुढचे चिन्ह पाहावे. दोष घडून गेल्यानंतर ज्या उपकरणापुढे तेथे अधिक चिन्ह टिकून आहे आणि ‘कंट्रोल’ ओळीत ‘डिसआयएनटीएक्स’पुढे उणे आहे, ते उपकरण त्या क्षणी तार खेचून बसलेले आहे.

उपकरण सापडल्यावर उपाय त्याच्यापुरताच करावा. ड्रायव्हर नसेल तर बसवावा. उपकरण वापरात नसेल तर बायोसमधून बंद करावे. ड्रायव्हर असूनही एमएसआय उणे असेल, तर त्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलला ती चालू करण्याचा पर्याय आहे का ते ‘मॉडइन्फो’ने पाहावे. एकाही उपकरणापुढे अधिक चिन्ह नसेल, तर संशय फर्मवेअरच्या तक्त्यांवर जातो आणि बायोस अपडेट करून पाहणे योग्य ठरते. ‘पीसीआय=नोएमएसआय’, ‘नोएपीआयसी’, ‘आयआरक्यूपोल’ हे कर्नलचे पर्याय निदानासाठी एकेकदा, एका वेळी एकच, बूटलोडरमध्ये तात्पुरते टंकून वापरावेत. पहिला पर्याय सर्व उपकरणांना पुन्हा सामायिक तारांवर ढकलतो आणि दुसरा आयओ-एपीआयसीच बाजूला ठेवून १९८४ च्या दोन चिपांच्या व्यवस्थेकडे नेतो. त्यामुळे यांपैकी कोणताही पर्याय कायमचा ठेवला, तर आज शांत असलेल्या उपकरणांवरही भार पडतो.

तरीही दोष सुटला नाही आणि कर्नलच्या विकसकांना कळवायची वेळ आली, तर चार गोष्टी दोषाच्या आधी आणि दोषानंतर अशा दोन वेळा जतन करून जोडाव्यात: ‘/प्रॉक/इंटरप्ट्स’, दोन ‘व्ही’ दिलेल्या ‘एलएसपीसीआय’ची नोंद, संपूर्ण ‘डीमेसेज’ आणि कर्नलला दिलेले पर्याय असलेली ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ ही फाइल. दोषानंतरची ‘एलएसपीसीआय’ची नोंद संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वीच घ्यावी, कारण पुन्हा बूट होताच आयएनटीएक्सपुढचे ते अधिक चिन्ह पुसले जाते.